अप्पर लावून जाणाऱ्या गाडीवाल्यास

गाडीवाल्या,

पत्रात ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे, पण ते मी लिहीत नाही. प्रेम वाटावं असं तू काही केलेलं नाहीस. आणि वयानं मी तुझ्या आईच्या जागी असेन, म्हणून अहो-जाहोही करत नाही.

तुझं नाव मला माहीत नाही. गाडीचा नंबर वाचायची सवड तू कधी दिली नाहीस. आधी दोन पांढरेफटक दिवे डोळ्यांत घुसतात, मग वाऱ्याचा झपाटा बसतो, बारीक खडी पायांवर उडते, आणि वळून पाहावं तर मागच्या काचेवर चिकटवलेलं ‘आपला माणूस’ लांब जाताना दिसतं. कोणाचा माणूस, हे एकदा थांबून सांग. कोल्हार-घोटी रस्त्याच्या कडेनं पहाटे पळणाऱ्या आम्हा अकोलेकरांचा तर तू नाहीस.

आम्ही कोण, हे तुला सांगायला हवं, कारण तू आम्हाला कधी बघितलेलंच नाहीस. पन्नाशी ओलांडलेल्या आम्ही काही बायका आहोत, अंगात पंजाबी ड्रेस आणि पायात आठवडे बाजारातले बूट. एक शेतकरी आहेत. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालता चालता ते पळायला लागले. एक किराणावाला आहे, तो दुकानाचं शटर वर करायच्या आधी येतो. एक अंगणवाडी सेविका आहे. आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी आहेत, ती आमच्या कितीतरी पुढं असतात. अकोल्यातून राजूरच्या दिशेला निघायचं, इंदोरी, रुंभोडीकडं ज्याला जेवढं झेपेल तेवढं जायचं आणि उजाडता उजाडता परत फिरायचं. कोणी पदक मिळवायला पळत नाही. कोणाच्या हातावर महागडं घड्याळ नाही. आम्हाला फक्त पळायचं असतं आणि धडधाकट घरी यायचं असतं.

पळण्यात काय मिळतं, असं तू विचारशील. पहिला किलोमीटर नको नको होतो. छाती भरून येते, पोटऱ्या जड होतात, कुशीत कळ निघते, आणि अंथरूण उगाच सोडलं असं मन बजावत राहतं. मग पुढं कधीतरी श्वास आणि पाऊल यांचा मेळ बसतो. नेमका कधी बसला ते कळत नाही, बसून गेल्यावर कळतं. त्यानंतर पळता पळता बोलताही येतं. प्रवरेवरून धुकं वर येत असतं. कार्तिकात कुठल्या तरी देवळातून काकड्याचे टाळ ऐकू येतात. रात्रपाळीच्या लाईटवर कोणी उसाला पाणी धरलेलं असतं, त्या भिजल्या मातीचा वास येतो. सोसायटीचं कर्ज, पोराची फी, सुनेचं बाळंतपण, रात्रभर डोक्यात घोळलेलं सगळं तेवढा वेळ गप्प बसतं. आमच्यासारख्या बायकांच्या दिवसात तो एकच अर्धा तास असा असतो की कोणी हाक मारत नाही, कोणी काही मागत नाही, आणि आपण कोणाची आई, सासू, सून नसतो. तो अर्धा तास फुकट मिळतो. त्याला जिमची फी लागत नाही, खेळाचं सामान लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. निदान लागू नये.

यात नुसता मनाचा विरंगुळा नाही. अमेरिकेत 55 हजारांवर माणसांची सरासरी पंधरा वर्षं नोंद ठेवून केलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. पळणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं आणि त्याच्याशी निगडित आजारांनी मरण्याचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा 45 टक्क्यांनी कमी निघालं. रोज पाच-दहा मिनिटं, तीही हळू पळणाऱ्यांनाही फायदा दिसला. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला याहून स्वस्त औषध कोण देणार आहे? आमच्या त्या शेतकरीदादांना विचार. गोळ्या चालू आहेतच, पण बांधावर बसल्यावर उठताना आता कोणाचा हात धरावा लागत नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.

या भागाला पळणं काही नवं नाही. कळसूबाई ओलांडली की नाशिक जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून बीडचा आष्टी तालुका आहे. तिथल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 साली बर्मिंगहॅमला 3 हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं, पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूपेक्षा अवघ्या 0.05 सेकंदानं मागं. बारामतीच्या शर्यतीत लता करे नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला. ही माणसं आधी गावच्या वाटेवर, साध्या रस्त्याच्या कडेलाच पळालेली आहेत. सिंथेटिक ट्रॅक त्यांच्या वाट्याला फार नंतर आला. त्यांच्या रस्त्यावर त्या काळी तू नव्हतास, हे त्यांचं नशीब.

आता अडचणींचं सांगते. अडचणींना आम्ही भीत नाही. पहिले काही महिने नडगीचं हाड असं ठणकतं की जिना चढवत नाही. सकाळी उठल्यावर जमिनीवर टेकवलेलं पहिलं पाऊल टाचेत सुई घातल्यासारखं होतं. त्याला टाचेखाली बाटली फिरवायची, पोटऱ्या ताणायच्या आणि जिरेपर्यंत सोसायचं. गुडघ्यांचं तर नावच नको. हौसेनं एकदम अंतर वाढवलं की शरीर दामदुपटीनं वसुली करतं, म्हणून जुनी मंडळी नव्यांना सांगतात, दर आठवड्याला थोडं थोडं वाढव. पावसाळ्यात बूट वाळत नाहीत. उन्हाळ्यात सात वाजले की रस्ता तापतो. ढाब्यांवरची कुत्री मागं लागतात. तेव्हा पळायचं नाही, थांबायचं, हे आम्ही शिकलो आहोत. आणि लोक बोलतात. ‘घरात काम कमी पडतं का?’ ‘या वयात कुठली हौस?’ ‘पोरीच्या जातीनं अंधारात बाहेर पडायचं म्हणजे…’ हे सगळं पचवून आम्ही परत उठतो. पळणाऱ्या माणसाला मोडता घालायला जग पुरेसं आहे, तुझी भर नको होती.

यावर तू म्हणशील, तुम्ही अंधारात जाताच कशाला, अकोल्यात बिबटे आहेत. आहेत ना. तुझ्याआधीपासून आहेत. डॉ. विद्या अत्रेय यांनी आपल्या अकोल्याच्याच परिसरात, उसाच्या शेतांमध्ये आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला. तो 2013 साली ‘प्लॉस वन’ या विज्ञानपत्रिकेत आला आणि जगभर वाचला गेला. चौरस किलोमीटरला तीनशेपेक्षा जास्त माणसं राहतात अशा या भागात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळपास तितकेच तरस. जंगल नव्हे, ऊस, वस्ती आणि गोठे. एवढी मोठी जनावरं माणसांच्या इतक्या जवळ राहतात आणि माणसांवरचे हल्ले मात्र त्या मानानं फार थोडे, याचंच शास्त्रज्ञांना नवल वाटलं होतं. अलीकडं आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या जुन्नर भागात बिबट्यानं माणसं मारली आहेत, लेकरं नेली आहेत. ते दुःख मला हलकं करायचं नाही. आम्हीही उसाच्या कडेनं जाताना घोळक्यानं जातो, मोठ्यानं बोलतो, बॅटरी बाळगतो, लहान अंगाच्या पोरींना मध्ये घेतो.

पण बिबट्याचं एक असतं. माणसांचा आवाज आला की बहुतेकदा तो उसात सरकतो. त्याला माणूस दिसतो, ऐकू येतो, आणि तो वाट सोडतो. तू वाट सोडत नाहीस. रानातल्या जनावराला जेवढी आमची चाहूल लागते तेवढी तुला लागत नाही, आणि तुझ्याजवळ तर परवाना आहे.

तू करतोस काय, ते तुला आतून दिसत नसेल. बाहेरून कसं दिसतं ते बघ. काळोखाला डोळे सरावलेले असतात. रस्त्याची पांढरी कड, साईडपट्टीवरचा दगड, शेण, फुटकी बाटली, सगळं अंधुक का होईना, दिसत असतं. तू वळणावरून येतोस ते अप्पर लावूनच. तेही कंपनीचे दिवे नसतात, वरून बसवून घेतलेले झगझगीत एलईडी असतात. त्या क्षणी समोर रस्ता राहत नाही, कड राहत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत. पांढऱ्या उजेडाची भिंत असते आणि तिच्यामागून इंजिनाचा आवाज वाढत असतो. आपण हात डोळ्यांवर धरतो आणि अंदाजानं कडेला होतो. तू निघून गेलास तरी काही सेकंद डोळ्यांसमोर नुसते हिरवे-जांभळे ठिपके असतात. वय झालेल्या डोळ्यांना जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली तर ती आम्हाला दिसत नाही.

आणि ‘कडेला हो’ म्हणणं सोपं आहे. आपल्याकडं डांबरावर डांबर चढत गेलं आणि साईडपट्टी होती तिथंच खाली राहिली. दोन्हींच्या मध्ये कितीतरी ठिकाणी वीतभर खाच पडली आहे. दिवसा दिसते. तुझ्या उजेडात दिसत नाही.

आमच्यातल्या एका मुलीचा पाय त्या खाचेत गेला. तिचं नाव लिहीत नाही. तिची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 गुण असतात, त्यातले 20 एका धावण्याला. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर मुलीला 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत कापावे लागतात. आमच्या त्या पोरीनं रस्त्याकडेच्या एका बाभळीपासून पुढच्या मोरीपर्यंत अंतर मोजून घेतलं होतं, आणि मोबाईलवर वेळ लावून ती त्या पट्ट्यात पळायची. 3 मिनिटं 10 सेकंदांवरून ती हळूहळू तीन मिनिटांच्या आत आली होती. तू समोरून आलास. तिनं हात डोळ्यांवर घेतला, पाऊल डांबराच्या कडेवर पडलं आणि घोटा आत मुडपला. मी मागंच होते. आवाज मला ऐकू आला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, पण लिगामेंट फाटलं होतं आणि पायावर भार द्यायचा नाही असं सांगितलं गेलं. भरतीची तारीख त्यातच येऊन गेली. कोणासाठी थांबत नाही ती.

तू थांबला नाहीस. कदाचित तुला कळलंही नसेल. माझी तक्रार तीच आहे.

आता तुझ्या घाईचा हिशोब करू, कारण एवढं करून तू काय कमावतोस ते मला पाहायचं आहे. दहा किलोमीटर रस्ता ताशी 80 च्या वेगानं साडेसात मिनिटांत संपतो. ताशी 50 नं बारा मिनिटं लागतात. म्हणजे तू साडेचार मिनिटं वाचवलीस. आणि पुढं राजूरला चहाच्या टपरीशी गाडी लावून तू मोबाईलवर रिळं बघत बसलेला असतोस, हे तिथून येणाऱ्या पोरांनी पाहिलेलं आहे. साडेचार मिनिटांत तू कोणाचं ऑपरेशन केलं नाहीस, कोणती गाडी पकडली नाहीस. ताशी 80 नं जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. समोर माणूस आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तू तीस-एक मीटर पुढं आलेला असतोस, आणि गाडी थांबायला त्याच्यापुढं आणखी जागा लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 50 च्या वेगानं गाडी धडकली तर पायी चालणारा प्रौढ माणूस दगावण्याची शक्यता 20 टक्क्यांपेक्षा कमी असते. 80 ला ती 60 टक्क्यांच्या घरात जाते. तुझ्या त्या साडेचार मिनिटांची किंमत ही आहे, आणि ती तू भरत नाहीस.

2022 साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यांतली 32 हजार 825 पायी जाणारी होती. केंद्र सरकारच्याच अहवालातले आकडे आहेत, आणि मृत्यूंचं सगळ्यांत मोठं कारण त्यात वेग हेच दिलेलं आहे.

नावाजलेली माणसंही तुझ्या तावडीतून सुटत नाहीत. फौजासिंग यांचं नाव तू ऐकलं असशील. पंजाबातला शेतकरी माणूस, मुलाच्या मृत्यूनं खचला, म्हातारपणी इंग्लंडमध्ये पळायला लागला, 2000 साली वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी लंडन मॅरेथॉन पळाला आणि 2011 साली टोरांटोला शंभरीत पूर्ण मॅरेथॉन संपवली. पळण्यानं माणूस दुःखातून कसा उठतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. 14 जुलै 2025 ला, वयाच्या 114 व्या वर्षी, जालंधरजवळच्या आपल्या गावापाशी रस्त्यावर एका गाडीनं त्यांना उडवलं. गाडी थांबली नाही. पोलिसांनी चालकाला नंतर शोधून काढलं. एकशे चौदा वर्षं ज्या देहाला काही झालं नाही, तो एका वेगवान गाडीपुढं टिकला नाही. त्याआधी 19 मार्च 2023 ला, रविवारी सकाळी, मुंबईत वरळी सी-फेसवर धावायला आलेल्या एका बाईंना भरधाव मोटारीनं ठार केलं. वरळीला दिवे आहेत, रुंद रस्ता आहे, समुद्राकडेला फुटपाथ आहे. आमच्याकडं त्यातलं काही नाही.

अपघात झाला तर थांबायचं, जखमीला दवाखान्यात पोचवायचं, हे मोटार वाहन कायद्याचं 134 वं कलम चालकाला बजावतं. तो शिष्टाचार नाही, कायदा आहे.

तुझी उत्तरं मला पाठ आहेत. मैदानावर पळा, म्हणशील. गावात मैदान असलं तरी ते पावसाळ्यात चिखलाचं असतं, आणि वाडी-वस्तीवरच्या माणसानं त्यासाठी रोज पहाटे गावात कसं यायचं? त्याच्या दारावरून जाणारा डांबरी रस्ता एवढंच त्याचं मैदान आहे. काळे कपडे घालता, म्हणशील. आम्ही पिवळे, पांढरे घालतो. पोरींनी पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या शिवून घेतल्या आहेत. चुकीच्या बाजूनं पळता, म्हणशील. पायी माणसानं गाड्यांकडं तोंड करून जावं म्हणजे येणारी गाडी दिसते, म्हणून आम्ही उजवी कड धरतो. कानात इअरफोन घालत नाही. गाडी आली की एकामागं एक होतो. आमच्याकडून जे करता येण्यासारखं आहे ते आम्ही करतो. तुझं एकच काम आहे आणि ते तू करत नाहीस.

ते काम किती सोपं आहे, हे याच रस्त्यावर रोज दिसतं. अकोले आगाराच्या एसटीचा ड्रायव्हर लांबूनच डिपर मारतो, गाडी मधल्या पट्ट्याकडं घेतो, आणि एखादा तर हातही वर करतो. दुधाचा टेम्पोवाला रोज तोच असतो. त्याच्या मागं कॅनचा खडखडाट असतो, संकलनाची वेळ गाठायची असते, तरी आम्ही दिसलो की दिवा खाली जातो. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या लावून उसाचे ट्रॅक्टर जातात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि गाणी एवढी मोठ्यानं की मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. पण ते हळू जातात. रात्रभर जागून पोटासाठी गाडी हाकणाऱ्या या माणसांना आम्ही दिसतो. तुला एसीत बसून दिसत नाही.

तू आमच्यातलाच असशील, शेजारच्या वाडीचा, नवी गाडी घेतलेला. किंवा शनिवारची पहाट गाठून भंडारदऱ्याला, कळसूबाईला, सांदण दरीला निघालेला पुण्याकडचा पाहुणा असशील. पाहुणा असलास तर ये, जरूर ये. मेअखेरीला झाडांवर काजवे लागतात ते बघायला तुम्ही हजारोंनी येता. गावातल्या पोरांना त्या दिवसांत चार पैसे मिळतात. पण काजवे बघायला निघालेल्या माणसानं तरी उजेडाचं एवढं भान ठेवावं. तिथं जंगलात गाडीचे दिवे बंद करा म्हणून गावकरी तुझ्या हातापाया पडतात, कारण उजेडानं किडे बुजतात. माणसंही बुजतात.

वाचणाऱ्यांतल्या बाकीच्यांना दोन शब्द. या गाडीत बहुतेक वेळा ड्रायव्हरशेजारी कोणी ना कोणी बसलेलं असतं. बायको, भाऊ, मित्र, कधी आई. ‘अरे, माणसं आहेत, डिपर मार’ एवढं तुम्ही म्हणालात तर आमच्या शंभर पत्रांपेक्षा ते लवकर पोचेल. ज्यांच्या पोरांनी गाडीला जादा दिवे लावून घेतले आहेत त्यांनी ते या आठवड्यात काढायला लावावेत. कंपनीच्या दिव्यांत रस्ता व्यवस्थित दिसतो. आणि ज्यांच्या हातात रस्त्यांची कामं आहेत त्यांनी डांबर टाकल्यावर साईडपट्टीही त्याच उंचीला भरून घ्यावी; अंदाजपत्रकात ती धरलेली असते.

गाडीवाल्या, त्या मुलीचा घोटा भरून आला आहे. पुढच्या भरतीसाठी तिनं परत पळायला सुरुवात केली आहे, अजून सावकाश, पण रोज. तीन मिनिटांच्या आत यायला तिला अवकाश लागेल. तिच्या पुढं-मागं आता आम्ही दोघी असतो. उद्या पहाटेही आम्ही याच रस्त्यावर असू, कारण आम्हाला दुसरा रस्ता नाही. डिपरचा खटका तुझ्या स्टिअरिंगच्या मागंच आहे, बोटानं लागतो. वस्ती आणि माणसं दिसली की दिवा खाली घे, वेग 40 वर आण, आणि आमच्यापासून निदान हात-दोन हात लांबून जा. साडेचार मिनिटं उशीर होईल. होऊ दे.

तुझ्या रस्त्याच्या कडेनं पळणारी,
एक अकोलेकर बाई